भैय्याजींनी सोडलेलं गोड

वर्धा जिल्ह्यात माणूस काय खातो यापेक्षा त्यानं काय सोडलं, याला मान जास्त. कोणी चहा सोडतो, कोणी चप्पल सोडतो. एकानं तर सासुरवाडीला जाणं सोडलं होतं आणि लोक त्यालाही संयमी म्हणत. पण सेलूजवळच्या एका गावात वांगी-भेंडी पिकवणाऱ्या भैय्याजींनी गोड सोडलं, तेव्हा लोक खरोखर हादरले. कारण बुंदीचं ताट घेऊन निघालेला वाढपी पंगतीत ज्यांच्यापाशी ताट रिकामं करूनच कंबर सरळ करायचा, ते भैय्याजी. लग्नघरचा माणूस आधी विचारायचा, "भैय्याजी येऊन राह्यले का?" आणि मग आचाऱ्याला साखर किती आणायची ते सांगायचा.

सोडलं ते नातवासाठी. पीयूष दहा वर्षांचा असताना त्याला शुगर निघाली. म्हातारपणी होते ती नव्हे. लहानपणी होते, गोळीनं भागत नाही, जन्मभर रोज इन्सुलिनची सुई टोचून घ्यावी लागते, ती. डॉक्टर म्हणाले होते, घरच्यांनी नेहमीसारखं राहा, पोराला वेगळं पाडू नका, सुईचा हिशेब नीट ठेवला तर तोही सणाला घासभर गोड खाईल. भैय्याजींनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि गावात येऊन मारुतीच्या पारावर हात वर करून जाहीर केलं, "माह्या नातवाले जे चालत नाई, ते माह्या घरात शिजणार नाई."

शिजलं नाही. होळीला पुरण शिजलं नाही, दिवाळीला शंकरपाळेसुद्धा तिखटामिठाचे झाले. सून काजलनं माहेरून आलेला लाडवांचा डबा उघडून न बघता परत पाठवला. भैय्याजींची बायको सखूबाई चहासुद्धा बिनसाखरेचा प्यायला लागली. बघता बघता गावालाही चेव आला आणि शाळेत पंधरा ऑगस्टची जिलेबी बंद होऊन चिवडा सुरू झाला. चिवड्याचा द्रोण हातात घेऊन वर्गातली पोरं पीयूषकडे कसं बघायची, ते भैय्याजींना दिसलं नाही. ते तेव्हा झेंड्याजवळच्या मानाच्या खुर्चीवर असत.

अशी सात वर्षं गेली. यंदाच्या पावसाळ्यात मात्र पीयूषची शुगर दोनदा इतकी चढली की त्याला बेशुद्धीत दवाखान्यात न्यावं लागलं. भैय्याजींना वाटलं, नक्की कोणीतरी याला चोरून गोड चारतं. त्यांनी पोराचं दप्तर तपासलं, खिसे उलटे केले, टपरीवाल्याला दम दिला. काही सापडलं नाही. तेव्हा पीयूषला वर्ध्याला तपासणीला नेण्याचं काम त्यांनी लेकाकडून, मुकेशकडून, स्वतःकडे घेतलं. "याले कोण चारते ते काढा," असं डॉक्टरांना समक्ष सांगायचं होतं.

डॉक्टरांनी ते ऐकलं आणि पीयूषला आचल नावाच्या समुपदेशक बाईंकडे पाठवलं. कायमचा आजार असलेल्या तरुण पोरांचं मन कसं आहे, हेही तिथे आता तपासत. वजन करतात तसंच, सगळ्यांचंच.

"मनाले काय झालं याच्या?" भैय्याजी म्हणाले. "शुगर त रक्तात असते ना?"

तरी ते आत जाऊन पीयूषच्या शेजारी बसले. आचल साधी, पंचविशीची, आर्वीकडची पोरगी.

"पीयूष, गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी लागली?"

"मस्त लागते," भैय्याजी म्हणाले.

"जेवण?"

"घरचंच. बाहेरचं बिलकुल नाई."

"कशातच मन लागत नाही, असं होतं का?"

"मन काऊन नाई लागणार? मोबाइलवर क्रिकेट पाह्यते ना दिवसभर."

आचलनं पेन खाली ठेवलं. "आजोबा, शुगर कोणाला आहे?"

"याले."

"मग थोडं यालेच बोलू देता का? तुम्ही बाहेर बसा."

भैय्याजींना बाहेर बसायला आजवर फक्त सुइणीनं सांगितलं होतं. ते व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. शेजारी जिजाबाई नावाची एक बाई बसली होती. तिची पोरगी रक्त तपासायला गेली होती. आपली ओळख नसलेला माणूस भैय्याजींना फार दिवसांनी भेटला होता, म्हणून त्यांनी गोड सोडल्याची हकिगत पारापासून गावानं केलेल्या सत्कारापर्यंत सगळी सांगितली.

जिजाबाईनं मन लावून ऐकली. "माह्या पोरीले सिकलसेल हाय," ती म्हणाली. "हातपाय दुखतेत, रडते बिचारी. मंग आमी काय सोडावं, भाऊ?"

भैय्याजींनी गंभीरपणे विचार केला. "आंबट सोडून पाहा."

"त्यानं दुखणं जाते?"

"जात नाई. पण लेकराले वाटते ना, आपल्यासाठी कोणी काही सोडलं."

"तुमच्या नातवाले काय वाटते?"

"चांगलंच वाटत असन," भैय्याजी म्हणाले. विचारलं मात्र कधी नव्हतं.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. आत पीयूष मान खाली घालून बसला होता. आचलनं खुर्ची थोडी पुढे ओढली.

"बाकी जे बोललो ते त्याचं आणि माझं. एक गोष्ट मात्र घरी सांगावी लागेल, हे मी त्याला आधीच सांगितलं होतं. आजोबा, याला कोणी गोड चारत नाही. तोच इन्सुलिन टाळतोय, बरेच दिवस. जगू नये असं वाटतंय त्याला."

भैय्याजींपाशी कोणत्याही प्रश्नाचं उत्तर तयार असे, दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचंही. आज त्यांच्या तोंडून फक्त "काऊन?" निघालं.

पीयूष आपल्या चपलेशी बोलल्यासारखा बोलला.

"आजीनं गोरसपाक मांगतला होता."

वर्ध्याचं ते तुपातलं गोड बिस्किट भैय्याजींना लगेच आठवलं. सखूबाई गेली त्याला आता वर्ष होत होतं. अंथरुणाला खिळली होती, अन्न जात नव्हतं. एका दुपारी ती म्हणाली होती, "ऐका ना, वर्ध्याहून एक गोरसपाक आणता का? कुटका तोंडात ठेवीन म्हणते." त्या खोलीत तेव्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं, अशी भैय्याजींची खात्री होती.

"मी ओसरीत होतो," पीयूष म्हणाला. "तुमी म्हटलं, पोरासाठी सोडलं ना आपण? आजी म्हणे, बरं. मंग मेली. तेरवीलेबी तुमी गोड नाई करू देलं. सारे लोक वरण-भात खाऊन गेले. मी नसतो त तिले भेटला असता, आबा. साऱ्यायलेच भेटलं असतं."

बाहेर कोणाचं तरी नाव पुकारलं गेलं.

मनाच्या डॉक्टरांनी पीयूषला लगेच तपासलं. गोळ्या दिल्या, पुढच्या आठवड्यात परत बोलावलं. सुई आईसमोरच घ्यायची, औषधं तिच्या ताब्यात, सध्या पोराला एकटं सोडायचं नाही. आचलनं काजलला फोन लावून हे सगळं पुन्हा सांगितलं. भैय्याजी प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "अन् मी काय करू?"

"तुम्ही काही सोडू नका," आचल म्हणाली.

बसस्टँडवर आल्यावर भैय्याजींनी पीयूषला हाताला धरून, एकटं न सोडता, दुकानात नेलं. गोरसपाकचा पुडा घेतला आणि बाकावर बसून फोडला.

"पाह्य. मी खाऊन राह्यलो. झालं. संपलं सोडणं."

पीयूष पुड्याकडे बघत राहिला. "आधी माह्यासाठी सोडलं. आता माह्यासाठी खाता. म्हंजे पुन्हा मीच ना, आबा?"

भैय्याजींचा हात तोंडाजवळ थांबला. पोराचं म्हणणं खरं होतं. जे काही केलं ते त्याच्याच डोक्यावर नेऊन ठेवायचं, एवढंच त्यांना सात वर्षांत जमलं होतं. आणि ते खाली उतरवायचं तर दुसरं एक डोकं लागणार होतं. ते त्यांचं स्वतःचं होतं, आणि गावात त्या डोक्यावर सन्मानाचा फेटा होता.

"तुह्या आजीले मी नाई म्हटलं, ते तुह्यासाठी नव्हतं," ते म्हणाले.

पीयूषनं मान वर केली.

"पोळ्याले माहा सत्कार होता. गोड सोडलं म्हणून. मले दुकानात गोरसपाक घेताना कोणी पाह्यलं असतं त? म्हटलं, पोळा होऊ दे, मंग आणू. तुह्यं नाव मी तोंडापुरतं घेतलं. ते घेतलं का कोणी पुढं बोलत नाई." ते पुढे म्हणाले, "पोळा झाला. आधी बैलायचा सत्कार झाला, मंग माहा. अन् मंग मी विसरलो, बेटा. तिसऱ्या दिवशी ते गेली. मरतपर्यंत वाट पाह्यली असन तिनं. यात तू कुठंच नाई. तू ओसरीत अभ्यास करत होता, बस."

एक बस आली आणि आर्वीची माणसं घेऊन गेली.

"त्या सत्कारात भेटलं ते शाल," पीयूष म्हणाला, "तेच का, जे दवाखान्यात माह्या अंगावर टाकता?"

"तेच."

"टोचते ते."

"हलकंच देलं गावातल्या लेकायनं."

पीयूष हसला नाही. पण भैय्याजींकडे बघत मात्र राहिला. भैय्याजींनी गोरसपाक तोंडात टाकला. त्यांना वाटलं होतं, माती लागेल. तसं झालं नाही. सात वर्षांनी आलेलं तूप आणि साखर जिभेनं लगेच ओळखलं, निर्लज्जासारखं. खुसखुशीत, अगदी पूर्वीसारखं. वाईट लागलं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं.

"कसा हाय?" पीयूषनं विचारलं.

"चांगला हाय," भैय्याजी म्हणाले, आणि स्टँडवरच्या माणसांदेखत त्यांना रडू फुटलं. "लय चांगला हाय रे."

पीयूषनं आपली पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली.

सेलूकडची बस लागली तेव्हा पुड्यातला एक गोरसपाक भैय्याजींनी कागदात वेगळा बांधून घेतला होता. कोणासाठी, ते पीयूषनं विचारलं नाही. बस धक्के खात निघाली. पोरगं खिडकीला डोकं लावून बसलं होतं. "बरं वाटते का?" असं विचारायचं भैय्याजींच्या अगदी ओठावर आलं. पण तो "बरं" म्हणेल. सखूबाईही "बरं"च म्हणाली होती. म्हणून त्यांनी विचारलं नाही. उत्तरही स्वतःच देऊन टाकलं नाही. हात मात्र पोराच्या मनगटावर ठेवला आणि सेलू येईपर्यंत उचलला नाही. दुसऱ्या हातातल्या कागदात त्या गोरसपाकचा तोवर भुगा झाला होता.