आल्दोच्या डब्यातली घूं

भिऊ नका, मी चावत नाही. म्हणजे आता चावत नाही.

मी बेस गिटारचा अ‍ॅम्प आहे, ऑस्ट्रेलियातल्या इनिसफेलच्या आल्दो फाव्रेत्तोचा. घरातले सगळे मला डबा म्हणतात. दिसायला मी चांगला धिप्पाड आहे. आल्दोच्या कमरेला लागेन एवढा उंच, अंगावर काळं रेक्झिन, पोटात परातीएवढा स्पीकर. पण माझ्याइतका भित्रा या उसाच्या गावात दुसरा सापडायचा नाही. वाजायची वेळ आली की लोकांना वाटतं मी गरजतोय. खरं तर निम्म्या वेळा मी थरथरत असतो.

माझा जन्म ब्रिस्बेनमध्ये झाला, एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत. बर्ट नावाच्या म्हाताऱ्याने मला हाताने जोडलं. व्हॉल्व्ह बसवले, ट्रान्सफॉर्मर आवळला आणि सगळ्यात शेवटी एक हिरवी तार माझ्या लोखंडी सांगाड्याला डाख देऊन पक्की केली. बर्टला एकट्याने बोलायची सवय होती. म्हणाला, "ही अर्थिंगची तार आहे तोवर तुझ्या पोटात काहीही बिघडू दे, वीज जमिनीत जाईल, फ्यूज उडेल, विषय संपला. ही नसली तर वीज माणसातून जाईल. कळलं का रे ढोल्या?"

मला कळलं. पण नुकत्या जन्मलेल्याला असलं काही सांगतात का? तेव्हा जी धडकी भरली ती कायमची.

आल्दोने मला गाडीच्या हौद्यात घालून घरी आणलं, गमबूट आणि खताच्या पोत्यांच्या शेजारी. उसाने चिरलेले, जाड बोटांचे हात होते त्याचे. मला वाटलं, हा माणूस माझी बटणं उपटून काढणार. पण त्याने पहिला सूर छेडला तो इतका हळुवार, की माझा कागदी स्पीकर जेमतेम हलला. मग तो थांबला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि हसला. त्या दिवसापासून मी त्याचा झालो.

तुम्हाला म्हणून सांगतो, खर्ज कुणी ऐकत नाही. लोक गाणाऱ्याकडे बघतात, गिटारवाल्याच्या बोटांकडे बघतात. बेसवाला मागे उभा असतो, त्याचं नावही कुणाला आठवत नाही. पण तो मध्येच थांबला की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात आणि आपलं काय चुकलं म्हणून ते एकमेकांकडे बघतात. आल्दोला हे मागे उभं राहणं फार मानवायचं. लाजाळू माणूस. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्याच्या मानेवर लाल चट्टे उठायचे. माईकच्या वाऱ्याला तो उभा राहायचा नाही. पायात कायम रबरी चपला, पोटरी मला टेकलेली, आणि कार्यक्रम संपला की माझ्या डोक्यावर एक थाप.

बँडचा म्होरक्या केव्ह. हा आल्दोच्या बायकोचा, मॅव्हिसचा भाऊ. साखर कारखान्यात कामाला, खिशात टेस्टर, तोंडात सल्ला. तोच गायचा, तोच गिटार वाजवायचा आणि पब्लिकला हसवायचाही तोच.

आता माझी एक खोड सांगतो. दोन गाण्यांच्या मध्ये सगळं शांत झालं की माझ्यातून बारीक घूं यायची. कुठल्याही भिंतीतल्या वायरिंगचं आणि माझ्या हिरव्या तारेचं पटायचं नाही, त्यातून ती यायची. निरुपद्रवी घूं. पण एका शनिवारी बारवरून कुणीतरी ओरडलं, "आल्दो, डब्यात भुंगा कोंडलायस का रे?"

सगळा पब हसला. आल्दोची मान लाल झाली.

"थांब, मी बघतो," केव्ह म्हणाला. त्याने माझा प्लग उघडला, हिरवी तार सोडवली, मागे दुमडली आणि तिच्यावर काळी टेप गुंडाळली. प्लग परत लावला. घूं बंद. केव्हने कमरेवर हात ठेवले. "बघा, हे असं असतं काम." लोकांनी त्याला बिअर पाजली. आल्दोने एक सूर छेडला आणि तो इतका स्वच्छ उमटला की त्याचा चेहरा उजळला. "काय वाजतोय रे हा आता," तो म्हणाला.

तो खूश होता आणि मी गर्भगळीत झालो होतो. माझी स्वतःची म्हणावी अशी एकच घूं होती. बाकी सगळा आवाज आल्दोच्या बोटांचा. म्हणजे माझी बोलतीच बंद झाली.

तरी मी मनाची समजूत घालत होतो. पोटात काही बिघडलं तरच धोका ना? मी धडधाकट होतो. पण इनिसफेलची हवा तुम्हाला माहीत नाही. तिथे कपाटातल्या बुटांना बुरशी येते, लोखंडाला गंज येतो, रबराचं पीठ होतं. माझ्या पाठीत जिथून वायर आत येते तिथली रबरी कडी अशीच झडून गेली. मग दर शनिवारी गाडीत चढता-उतरताना ती वायर पत्र्याच्या धारेवर घासत राहिली. एक दिवस आतलं तांबं उघडं पडलं आणि माझ्या सांगाड्याला टेकलं. माझ्या अंगात वीज आली. माझ्यातून केबलमधून गिटारमध्ये, गिटारमधून तारांमध्ये, आणि तारांवर आल्दोची बोटं.

त्याला काही झालं नाही. रबरी चपला. त्या घातलेल्या प्रत्येक दिवशी मी त्या चपलांच्या पाया पडलो असेन.

पहिल्यांदा चावलो तो मॅव्हिसला. आल्दो शेडमध्ये सराव करत होता, ती फरशी धूत होती, अनवाणी. जाता जाता ओल्या फडक्याने तिने माझी पुढची पट्टी पुसली आणि हात झटकून मागे झाली.

"तुझा डबा चावला मला."

आल्दोने पट्टीवर हात ठेवला. "मला तर काही होत नाही."

केव्ह तिथेच कॉफी पीत बसला होता. "मॅव्हिस, तुझ्या हातचं खाल्लं की मलाही असंच झिणझिणतं."

तीही हसली. पण त्यानंतर तिने माझ्यावरची धूळ कधी पुसली नाही, आणि मी रात्रंदिवस एकच विचार करत राहिलो. आल्दोने चपला काढल्या तर? त्याने माईकला ओठ लावले तर? माईकचं लोखंड जमिनीशी जोडलेलं, वीज आल्दोतून आरपार जाईल.

आणि मग रोझानाचं लग्न ठरलं. आल्दोची एकुलती एक लेक. ती शेडमध्ये आली, माझ्यावरच बसली आणि म्हणाली, "पापा, नोनाचं गाणं तू म्हणायचंस. केव्हमामा नाही. तू."

नोना म्हणजे आजी, आल्दोची आई. भांडी घासताना ती एक गाणं म्हणायची, इटलीतल्या तिच्या गावाकडचं.

"माईकवर?" आल्दोने विचारलं.

"मग काय झाडावरून?"

आल्दोने पायांकडे बघितलं. मग म्हणाला, "बरं."

तुम्ही म्हणाल, केवढा आनंदाचा क्षण. माझ्या व्हॉल्व्हमध्ये गोळा आला. त्यात मॅव्हिसने त्याच्यासाठी नवे बूट आणले, कातडी तळाचे. "लग्नात रबरी चपला घालून आलास तर मी तुला ओळखणार नाही," तिने बजावलं.

लग्न घरच्या अंगणात होतं. रात्रभर पाऊस पडून सकाळी थांबला होता. मांडवाखालचं गवत चपचपीत. बँडसाठी प्लायवूडच्या फळ्या टाकल्या होत्या, तेवढीच जागा कोरडी. माईक मात्र खाली, केकच्या टेबलाजवळ, गवतातच उभा केला होता. म्हणजे चांगले फोटो येतात. माझी वायर थेट शेडच्या भिंतीपर्यंत गेली होती.

आल्दो फळीवर होता तोवर ठीक होतं. केव्ह गात होता, लोक नाचत होते, मी कापत होतो. मग केव्हने माईकमध्ये जाहीर केलं, "मंडळी, आज एक चमत्कार होणार आहे. आमचा दगड गाणार आहे."

टाळ्या पडल्या. रोझाना धावत आली. तिने चपला कधीच फेकून दिल्या होत्या, झग्याची कड चिखलाने भरली होती. गवतातूनच तिने पुढे झुकून बापाच्या गळ्यात हात टाकला आणि तिच्या हाताची मागची बाजू गिटारच्या तारांना लागली.

ती माझ्यातूनच गेली, ती वीज. मला कळलं. मी थांबवू शकलो नाही.

रोझाना किंचाळून मागे पडली. हात चोळत म्हणाली, "पापा, तुझी गिटार चावली मला."

"आईवर गेलीये पोरगी," केव्ह म्हणाला आणि लोक पुन्हा हसले. रोझानाही हसली. आल्दोने एकदा गिटारकडे बघितलं, एकदा माईककडे. गिटार तशीच गळ्यात. तो फळीच्या कडेला आला.

आणि थांबला. मानेवर लाल चट्टे उठले. त्याने पँटला हात पुसले. पाय उचलला, परत ठेवला. मी आयुष्यात कुणाच्या भित्रेपणावर इतकं प्रेम केलेलं नाही.

"अरे उतर की," केव्ह म्हणाला. "माईक काय खातोय तुला?"

मॅव्हिस केकपाशी उभी होती, हातात सुरी. लेकीच्या तोंडचा 'चावली' हा शब्द तिने ऐकला होता. तिने सुरी ठेवली आणि शेडकडे धावली. टाचा चिखलात रुतल्या तेव्हा बूट तिथेच सोडून धावली. आल्दोने खोल श्वास घेतला, पाय पुढे केला, कातडी तळ गवतावर टेकणार तेवढ्यात तिने माझा प्लग भिंतीतून उपसला.

माझा लाल दिवा विझला. अंधार इतका गोड असतो हे मला माहीत नव्हतं.

"मॅव्हिस, वेड लागलं का तुला?" केव्ह ओरडला.

ती प्लग हातात धरून आली, अनवाणी. "उघड हा. तूच लावला होतास ना?"

केव्हने खिशातल्या टेस्टरने स्क्रू काढले. आत दुमडलेली हिरवी तार आणि त्याची स्वतःची काळी टेप. मग त्याने माझी पाठ उघडली, बॅटरीच्या उजेडात ते घासलेलं तांबं बघितलं आणि तसाच लग्नाच्या कपड्यांत चिखलात बसला. म्हणाला, "आल्दो, एक पाऊल राहिलं होतं रे."

आल्दोने गिटार उतरवून ठेवली. लेकीचा हात हातात घेतला आणि माईकशिवायच गायला. मागच्या टेबलांना काही ऐकू गेलं नाही. रोझानाला गेलं.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. मला नवी वायर मिळाली, नवी कडी, नवी हिरवी तार. घूं परत आली. आल्दो मला चालू करतो, हात मागे बांधून थांबतो. घरातून मॅव्हिस विचारते, "बोलला का?" तो म्हणतो, "बोलला." मगच तो गिटार हातात घेतो. केव्ह घरी आला की माझ्यासमोर फारसा विनोद करत नाही.

आता आल्दोची बोटं आखडली आहेत. त्याने मला नातीला, टेसाला द्यायचं ठरवलं आहे. ती टाउन्सव्हिलला बेस वाजवते, वाजवते छान. काल तिने मला लावून बघितलं आणि डोकं तिरकं करून आजोबाला म्हणाली, "नोनो, याला घूं येते. एक तार काढली की जाते म्हणे."

माझं काय झालं असेल ते तुम्ही समजा. आल्दो उठला. चपला फटफटवत बाहेर गेला, पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आला आणि वाकड्या अक्षरांत माझ्या पाठीवर लिहिलं: हा घुमतो. घुमू दे. मग नातीला शेजारी बसवून तिला त्या लग्नाची गोष्ट सांगितली.

उद्या मी निघतो. रंग वाळला आहे. पण रंग उडतात, मला या हवेचा अनुभव आहे, आणि टेसानंतर मी कुणाच्या हाती जाईन कोण जाणे. म्हणून तुम्हालाही सांगून ठेवतो. माझी घूं ऐकू आली तर वैतागू नका. ती कधी ऐकू आली नाही, तर आधी प्लग काढा, आणि मगच माझ्या डोक्यावर थाप मारा.