खाट सगळ्यांची

इमरिख आणि मी दोन वर्षं एकाच खाटेवर झोपायचो, पण त्याचा चेहरा नीट पाहिला तो संपात. तो दिवसपाळीला, मी रातपाळीला. पोलादाच्या भट्टीवरून मी पहाटे घरी यायचो तोवर तो गेलेला असायचा. गादी गरम, उशीला लसणाचा वास, आणि उशीखाली माझ्यासाठी एखादं समाजवादाचं पत्रक. वाचता वाचता डोळा लागायचा. असा मी आडवा पडून समाजवादी झालो.

पिट्सबर्गकडच्या आम्हा स्लोव्हाकांची सगळी घरं अशीच. आमच्या घरमालकीण वेरोनाकाकूंच्या माडीवर तीन खाटा, सहा माणसं.

मागणी एकच होती, बारा तासांऐवजी आठ. मला स्वर्ग नको होता. जेवताना कोबीच्या सुपात डोकं पडू नये, एवढंच.

संप झाला. पहिल्याच रात्री सहाही जण झोपायला वर गेलो आणि तीन खाटांकडे बघत उभे राहिलो. हे काही पत्रकात नव्हतं.

"भिंतीकडे सरक की."

"सरकलोय. आता भिंतीत शिरू का?"

"मातूश, तुझा पाय माझ्या तोंडात आहे."

"मग मीट ते, कॉम्रेड. दिवसभर भाषणच ठोकत होतास."

खूश होत्या फक्त वेरोनाकाकू. "आठ तास म्हणजे तीन पाळ्या ना रे? मग खाटेला तीन माणसं! देव तुमच्या संपाला यश देवो!"

इमरिखने आपलंच पत्रक काढून पुन्हा वाचायला घेतलं. असं आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

झोप नाही, पोटात काही नाही. एका गोधडीवरून गाश्परने इमरिखचा दात पाडला. तेव्हा इमरिखने तोडगा काढला. "खाट सगळ्यांची! अर्धे दिवसा झोपा, अर्धे रात्री."

कारखान्याचा भोंगा बंद होता, म्हणून इमरिख जिन्यात उभा राहून काकूंचा तवा बडवायचा. जो उठत नसे त्याला तंगडी धरून ओढायचा. "ऊठ रे, पाळी बदलली!" थेट आमचा मुकादम.

एका संध्याकाळी तवा वाजला. गाश्पर उठून बसला आणि डोळे चोळत म्हणाला, "इमरिख, तुझ्या राज्यातही पाळ्याच आहेत. मुकादम निदान पगार तरी देतो."

सगळे हसले. इमरिखही हसला, पडलेल्या दाताची फट दाखवत. हसता हसताच गाश्परने कामावर परत जायला बूट चढवले. मग एकेकाने चढवले.

मी म्हटलं, "इमरिख, तूही चल."

"तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. "मी जरा पडतो. जन्मात पहिल्यांदा अख्खी खाट मिळालीय."

पुढे कारखान्याने त्याला घेतलं नाही आणि काकूंनी ठेवलं नाही. कुठे गेला, कोणाला ठाऊक नाही.

बारा तास बाराच राहिले. इमरिखच्या जागी एक लिथुआनियन आलाय. त्याचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही. इमरिखची उरलेली पत्रकं मी त्याच्यासाठी उशीखाली ठेवून जायचो. परत येऊन बघावं तर गादी गरम आणि पत्रक गायब. म्हटलं, चला, पोरगा वाचतोय.

मग एका रविवारी त्याचे बूट जिन्यात पालथे पडलेले दिसले. तळाला हे एवढं भोक, आणि आतून नीट घडी घालून बसवलेलं आमचं पत्रक.

त्याला काय बोलणार? बाहेर बर्फ होतं. शेवटचं एक पत्रक उरलं होतं, ते मी माझ्या बुटात घातलं.