दुसरा तीळ

आत्यानं पट्टीचं टोक नखानं सोडवलं, तशी चिमणीनं स्टुलाची कड घट्ट धरली.

“पासपोर्टला पट्टी चालत नाही,” फोटोवाला म्हणाला. “दोन्ही डोळे उघडे हवेत.”

डावा उघडेना. आत्यानं पापणी वर धरली, बोट काढलं, फोटोवाल्यानं बटण दाबलं. फोटो हलला. पुन्हा पापणी.

“रडू नकोस, आणखी सुजेल,” आत्या म्हणाली.

‘डोळ्यात तेल घालून सांभाळीन’ असं वहिनीला सांगून तिनं भाचीला सुट्टीला आणलं होतं. आणि तिच्याच लेकाच्या गलोलीचा खडा पोरीला लागला. इथल्या डॉक्टरांनी हात टेकले. परदेशातल्या दवाखान्यानं बोलावलं, त्यासाठी आत्यानं कितीतरी उंबरठे झिजवले. वहिनीला मात्र एवढंच कळवलं, की पोरीला विमानातून फिरवून आणते.

“घरी पाठवायला एक नीट करून देऊ का?” फोटोवाल्यानं विचारलं. “चांगला डोळा उलटवून या बाजूला बसवतो. कुणाला कळायचं नाही.”

पडद्यावर चिमणी दोन्ही डोळ्यांनी टुकूटुकू बघत होती. आत्याचा जीव भांड्यात पडला.

“माझा डोळा बरा झाला?” चिमणीनं विचारलं.

“फोटोत झाला. गप बस आता.”

आत्यानं तो फोटो दुकानातूनच वहिनीला पाठवला. घरी पोचून पट्टी बांधते न बांधते तोच वहिनीचा फोन.

“वन्सं, फोटो झकास आलाय हो! पण तिला तीळ उजव्या डोळ्याखाली. हा डाव्याखाली कुठून आला?”

आत्यानं चिमणीला जवळ ओढलं. “काजळ असेल गं. लेकीलाच विचार की.” फोन हातानं झाकून ती चिमणीच्या कानाशी लागली. “काजळ आहे म्हण. नाहीतर आई तुला विमानात बसू देणार नाही. मग राहा अशीच.”

तिनं फोन मोठ्या आवाजावर करून पुढे धरला.

“आई, काजळ आहे.”

“वेडाबाई! डोळ्यात जाईल ना. पूस बघू, चांगलं चोळून पूस.”

आईचं पहिल्या हाकेला ऐकणारी पोर. तिनं मूठ वळली आणि पट्टीवर दाबून फिरवली.

आत्यानं आधी फोन बंद केला. मग तिचा हात धरला.