पांढऱ्या पिलाचा पाय

अकरा वर्षांच्या हौसाकडे तीन पेशंट होते, तिन्ही एकाच खोक्यात. पंच्याऐंशी-शहाऐंशीचं साल असेल. गल्लीतल्या मांजरीनं भिवंडीतल्या त्यांच्या पडवीत पिलं घातली होती. शेजारच्या कापडाच्या कारखान्यातले लूम दिवसभर खडखडायचे, पण त्यातूनही पिलाचं बारीक 'मी' हौसाला बरोबर ऐकू यायचं.

एकाचा डोळा चिकटला, तर तिनं उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस बुडवून तो हलकेच पुसला. तीन दिवसांत डोळा टक्क उघडला. दुसऱ्याला म्हशीचं दूध पाजून जुलाब लावले, तेही तिनंच. मग दूध बंद केलं नि पिलू परत आईला लावलं. वडील हिरामण तिला 'डाक्टरीणबाई' म्हणू लागले. खोक्यात तिनं गादीही घातली होती, कारखान्यातल्या टाकाऊ सुताची. मऊ कशी, लोण्यासारखी!

मग तिसरं, पांढरं, मागचा पाय ओढू लागलं. पंजा सुजून बोराएवढा झाला.

"दारात सापडलं असंल," हिरामण म्हणाले.

आदल्या दिवशी दार हौसानंच आपटलं होतं. ती तेलाची बाटली घेऊन आली. तेल चोळलं, तर सूज आणखी वाढली.

"लंगडं पिलू हितं गाडीखाली जाईल. उद्या खारबावला जातोय, तुझ्या आत्याकडं सोडतो."

"आईबिगर?"

"मग काय गुरांच्या दवाखान्यात न्हेऊ? तिथं म्हशींचीच रांग हाय."

हौसा पिलू ओढणीत घालून शेजारच्या हबीबाखालाकडे पळाली. खाला घरी बसून लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची. तुटलेला धागा तिच्या बोटांना न बघता सापडायचा.

"तेल कशाला चोपडलंस गं? भजी तळायचीत?" असं म्हणत तिनं केसांच्या उलट्या दिशेनं अंगठा फिरवला. घोट्यापाशी थांबली. "हितं तार हाय."

"कसली?"

"सुताची. पांढऱ्यात पांढरी, दिसंल कशी? धर नीट. रडलीस तर तुझं नाक कापीन."

बोथट टोकाची कात्री हळूच धाग्याखाली गेली. धागा सुटला. त्यानं कातडी अजून कापली नव्हती.

"म्हणजे दार न्हाय?"

"दार न्हाय, तुझी गादी." खाला हसली. "ह्या गावात सगळेच सुतात अडकलेत, हौसे. हे एक सुटलं."

सकाळी हिरामण पिशवी घेऊन निघाले. सूज बरीच उतरली होती. पिलानं पाय टेकला, कोलमडलं, पुन्हा उठलं आणि त्यांच्या चपलेवर चढून बसलं.

"बाबा, दार मीच आपटलेलं. पण पाय त्यानं न्हाय, माझ्या गादीच्या सुतानं सुजला होता."

हिरामणांनी पिलू चपलेवरून उचलून तिच्याकडे दिलं. मग त्यांनी पिशवीतून आपलं जुनं बनियन काढलं. वाटेत पिलाला थंडी लागू नये म्हणून घेतलेलं. सुताची गादी उचलून बाहेर टाकली आणि बनियन खोक्यात अंथरलं.

दहा वर्षांनी, वडप्याला सासरी, गोठ्यात मांजर व्याली. सासूनं एक पिलू हौसाच्या हातात दिलं. "बघ गं, डोळा आलाय ह्याचा."

"डोळ्याचं बघते, सासूबाई," हौसा म्हणाली, आणि तिचा अंगठा आधी चारी पायांवरून उलटा फिरला.