साध्या पाण्याची ओळ

…दोऱ्याला बांधलेली पिवळी चिठ्ठी वाऱ्यानं फिरली आणि तिच्यावरचं आपलंच अक्षर भीमराजला दिसलं – ‘ओळ चार, साधं पाणी’. तुलनेसाठी औषधाविना ठेवलेल्या त्या ओळीतलं सोयाबीन शेजारच्या औषधाच्या ओळीइतकंच हिरवंगार होतं. तसं असायला नको होतं.

सेनगावजवळच्या गोरेगावच्या ह्या रानात प्रयोग यास्मीनचा, मोजमाप भीमराजचं. हिंगोलीच्या कॉलेजात दोघं एका वर्गात, बी.एस्सी.ला पहिला तो, दुसरी ती. आज ती बायोइंजिनिअरिंगची प्रोफेसर – जस्ताचे डोळ्यांना न दिसणारे नॅनोकण करते, तेच पिकावर फवारायचे, तेच मलमात घालून चिघळलेल्या जखमेवर लावायचे – आणि तो सेनगावला अकरावीच्या पोरांना तेच जस्त फळ्यावर शिकवतो. जळतो मी, हा भीमराज. सरळ सांगतो, जळतो. तिचा फोटो पेपरात आला तेव्हा आईनं ती बातमी माझ्याकडूनच वाचून घेतली, दोनदा…

सकाळी रानमालक सोनाजी चहा देता देता म्हणाले होते, “सर, दर फवारणीला पंपात औषध उरत होतं, म्हणून साध्या ओळींवरबी मारलं. एकाच रानातली लेकरं, पंक्तीभेद काहून करायचा?”

म्हणजे तुलनाच संपली, हंगाम वाया. ओरडायला हवं होतं; पण भीमराजला बरं वाटलं. “बाईंना तुमी सांगू नका, मी सांगतो,” तो म्हणाला. सांगतो… कधी? ओळी सारख्या म्हणजे औषध निकामी, असंच ती लिहील. एकदा तरी नापास होईल.

आता यास्मीन चिखलात उकिडवी बसून पानं उलटून बघत होती. वहीतले आकडे तिनं पुन्हा वाचले.

“फवारणी सांगितली तशीच झाली ना?”

“व्हय.”

“मग माझंच चुकलं. तुझं मोजणं बराबरच असतं. या खेपेचे कणच बिघडलेले असतील, मलमाचंही काम थांबवायला सांगते.”

हेच ऐकायचं होतं, कॉलेजपासून अठरा वर्षं. पण किती सहज म्हणाली… कपाळावर आठी नाही, आवाज हलला नाही. ‘माझं चुकलं’ – सकाळपासून हे माझ्या तोंडून निघत नाहीये आणि ही बोलून मोकळी. फोटोनं, पदवीनं कधी जाळलं नव्हतं इतकं ह्या दोन शब्दांनी जाळलं.

तिनं फोन काढला, मलमाचं काम थांबवायला नंबर शोधू लागली. ‘थांब’ म्हणायला तेवढाच वेळ होता, आणि तेवढ्या वेळातही मी तिच्यावर जळतच होतो.