करण्यात आले

‘पुढे सार्वजनिक पाणवठे सर्वांसाठी खुले करण्यात आले.’

हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. कोणी केले? महापालिकेनं रस्ता खणल्यावर पाटी लावावी तसं हे वाक्य. काम झालेलं दिसतं, करणारा काही सापडत नाही.

वाघोलीच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवते. देशाचा इतिहास दोन बाजूंनी वाचायचा, असा नवा पेपर मी मांडला होता. एका बाजूला हे वाक्य असलेलं सातशे पानी पुस्तक, दुसऱ्या बाजूला माझ्या आजोबांची चौसष्ट पानी पुस्तिका. आजोबांना सगळे अण्णा म्हणत. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि दोन वर्षांत त्यांनी देशाचा इतिहास आपल्या बाजूनं लिहून काढला. त्यात आमच्या गावाबद्दल लिहिलंय, ‘आम्ही पाच हजार लोक विहिरीवर गेलो आणि पाणी प्यालो.’ बघा, इथे करणारा आहे.

विभागप्रमुख दत्तप्रसाद सर म्हणाले, “पुस्तिका एकांगी आहे हो, कल्याणी मॅडम. सोमवारच्या बैठकीत एक जरी चूक निघाली, तर पेपर बाद.”

“मीच शोधते,” मी म्हटलं. आणि फसले, कारण चूक निघाली. तेव्हाच्या जनगणनेत गावची वस्ती नऊशेही नव्हती. शेजारची दोन-तीन गावं ओस पाडली असती, तरी पाच हजार भरले नसते. गप्प बसावं असं वाटलं, खोटं कशाला सांगू? झाकली मूठ सव्वा लाखाची, ही तर नुसती पाच हजारांची होती. पण दुसऱ्यांची पुस्तकं तपासायला निघालेल्या बाईनं घरचं पुस्तक वगळायचं कसं?

रविवारी खडकीला यमुनाआत्याकडे गेले. ती अण्णांची थोरली लेक. सगळे विहिरीवर गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती.

“आत्या, किती माणसं होती गं?”

“चाळीस. मला धरून एकेचाळीस.”

“अण्णांनी पाच हजार लिहिलंय.”

आत्या हसली. “चाळिसांचं कोण ऐकतंय, म्हणून वाढवलं आसंल.”

“आता हे सांगितलं तर पेपरच जाईल माझा.”

“खरं हाय ते सांग. अगं पोरी, पाच हजार असते तर भ्या कशाचं वाटलं असतं? माझ्या आईचे हात असे कापत व्हते, की भरली कळशी घरी येईस्तवर निम्मी सांडली.”

मला रडू आलं. मग वही काढली आणि म्हटलं, “नावं सांग.” आत्याला एकोणतीस आठवली. बाकीच्या बारा ओळी मी तशाच रिकाम्या सोडल्या.

सोमवारी सगळ्यांच्या आधी मीच बोलले. “अण्णांचा आकडा चुकीचा आहे. माणसं एकेचाळीस होती. ही यादी, आणि ह्या बारा नावांचा पत्ता नाही.”

“म्हणजे स्वतःच्या आजोबांनाच खोटं पाडलंत!” सर म्हणाले.

“आकडा खोटा, विहीर खरी. आता त्याच तराजूत तुमचं सातशे पानी पुस्तक घालू. पाणवठे खुले कोणी केले, ते दाखवा.”

सरांनी चष्मा लावला. ते पान वाचलं, आधीचं वाचलं, मग शेवटची नावांची सूची पाहिली.

“नाहीये,” ते शेवटी म्हणाले. “पण मॅडम, ही दोन्ही पुस्तकं मुलांच्या हातात दिली, तर उद्या तक्रारी येतील. उत्तर मला द्यावं लागेल.”

“तक्रार करणाऱ्यांनाही दोन्ही वाचायला देऊ. चुका दोन्हीकडच्या दाखवू, अण्णांची चूक सगळ्यात आधी.”

सरांनी यादी पुन्हा पाहिली. रिकाम्या ओळींवरून बोट फिरवलं. मग इतिवृत्ताची वही ओढून लिहिलं आणि सहीसाठी माझ्याकडे सरकवली.

‘सदर पेपर मंजूर करण्यात आला.’

मी पेन खाली ठेवलं. “सर, कोणी केला?”

त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. वही परत ओढली, शेवटचे दोन शब्द खोडले, आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘आम्ही केला.’

मग मी सही केली.