डोंगराचा खड्डा

"डोळे लावा भिंगोबा, डोळे लावा! यंत्राला दृष्ट लागायच्या आत एकदा बघून घ्या," म्हणत फोरमननं स्टूल पुढे सरकवलं.

भिंगोबा बसले. परमुलखातून आलेला हा भिंगांचा इंजिनिअर. त्यांचं खरं नाव घेताना कारखान्यातल्या लोकांच्या जिभेची गाठ व्हायची, म्हणून पहिल्याच वर्षी कुणीतरी त्यांचं भिंगोबा करून टाकलं, ते कायमचं.

यंत्र त्यांनीच बनवलेलं, नकाशे काढायचं. विमानातून एकाच जागेचे दोन फोटो काढायचे, जरा अंतर ठेवून. डाव्या डोळ्याला डावा, उजव्याला उजवा दाखवायचा, की सपाट कागदातला डोंगर ताडकन उभा राहतो. मग चाक फिरवून उजेडाचा एक ठिपका त्या डोंगरावर अलगद टेकवायचा. टेकला की उंची कळली.

आणि फोटो आलटापालट केले तर? डोंगराचा खड्डा होतो, नदी टेकाडावर चढून बसते. नवा माणूस यंत्रावर बसला की भिंगोबा हळूच फोटो बदलायचे. तो किंचाळला की अख्खा कारखाना पोट धरून हसायचा. सुरुवातीला भिंगोबांना इथली भाषा धड येत नव्हती, लोक त्यांच्या बोलण्याला हसायचे. ही चेष्टा केली आणि लोक त्यांच्याबरोबर हसायला लागले.

आज मंडळींनी तीच चेष्टा भिंगोबांवर केली होती. पाठीमागे सगळे तोंडात रुमाल कोंबून उभे.

भिंगोबांनी चाक फिरवलं. "वा! डोंगर कसा छाती काढून उभा आहे!"

मागे तोंडातले रुमाल खाली आले. मग फोरमनच फुटला. "अरे, हा माणूस उलटा आपल्यालाच गंडवतोय! फोटो बदललेत हे बसल्या बसल्या ओळखलं आणि वर वा वा करतोय!"

हशा उसळला. त्या हशातच भिंगोबांना कळलं, काय झालंय ते. पण ते उठले आणि बोट नाचवत म्हणाले, "लेको, मी ही चेष्टा करत होतो तेव्हा तुम्ही बाहीला नाक पुसत होतात!"

हसली नाही ती फक्त ठिपकेबाई. रोज यंत्रावर बसून ठिपके टेकवणारी म्हणून ठिपकेबाई.

जेवणाच्या सुट्टीत भिंगोबा गोदामाच्या पायऱ्यांवर बसले होते. ती डबा घेऊन शेजारी येऊन बसली.

"कुठला?"

"काय कुठला?"

"डोळा हो."

"काहीतरीच काय बाई!"

"बाकीच्यांना वाटलं, नाटक केलंत. पण तुम्ही उठल्यावर मी डोळे लावले. ठिपका अधांतरी लोंबकळत होता. नाटकातसुद्धा तुम्ही ठिपका असा सोडला नसतात."

भिंगोबांनी आपल्या डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं.

"डावा," ते म्हणाले. "नस सुकली. डॉक्टर म्हणतो, एका डोळ्यानं पेपर वाचता येतो, टीव्ही दिसतो, मजेत राहा. त्याला काय सांगू? एका डोळ्याला डोंगर म्हणजे शाईचा डाग."

"घरी ठाऊक आहे?"

"जिन्यात धडपडलो तर बायको म्हणते, म्हातारपणी चाळे सुचतायत."

ठिपकेबाईला हसू आलं, ते तिनं घासाबरोबर गिळलं. "उद्या गिऱ्हाईक येतंय. घाटरस्ता आखणार आहेत या यंत्रावर."

"यंत्र माझं आहे. एकेक भिंग हातानं बसवलंय. बरोबरच असणार."

"नवा माणूस 'असणार' म्हणाला की तुम्ही काय करायचात?"

"यंत्रावरून उठवायचो," भिंगोबा पुटपुटले. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "एवढं एक यंत्र जाऊ द्या, बाई. यावर मी सही करतो, मग स्वतःहून सांगतो सगळ्यांना."

"मी कुणाला बोलणार नाही," ती डबा बंद करत म्हणाली. "पण उद्या मी तिथेच उभी असेन."

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं, मॅनेजर आले. फोरमननं छाती फुगवून सांगितलं, "आमचे भिंगोबा. हे बघून सही करतात, मगच यंत्र दाराबाहेर पडतं."

भिंगोबांनी डोळे लावले. उजव्या डोळ्यात स्वच्छ, रेखीव फोटो. पोळीसारखा सपाट. 'झकास' हा शब्द ओठांवर आलेला. तो म्हटला की काम झालं.

ते उठले. "मला दिसत नाही."

"झाली यांची चेष्टा सुरू!" फोरमन गिऱ्हाइकाला म्हणाला आणि सगळे खो खो हसले.

"चेष्टा नाही. डावा डोळा गेलाय माझा."

हसू एकेका तोंडावरून उतरत गेलं. फोरमनच्या तोंडावरून सगळ्यात शेवटी. भिंगोबा यंत्राकडे वळले. दोन भिंगांमधलं अंतर त्यांच्या डोळ्यांच्या मापाचं होतं. स्क्रू फिरवून ते त्यांनी ठिपकेबाईसाठी कमी केलं.

"बसा बाई. दोन्ही चित्रं जुळतायत का?"

"अजून थोडं. हां."

ठिपकेबाई चाक फिरवू लागली. "बसला... बसला... हाही बसला." मग थांबली. "उजव्या कोपऱ्यात टेकत नाही. जरासा वर राहतोय."

मॅनेजरनं घसा खाकरला. भिंगोबांनी खिशातून बारका पेचकस काढला, यंत्राच्या पोटात हात घातला, बोटांनी चाचपत एक पेच शोधला आणि केसभर फिरवला.

"आता?"

"अजून वरच आहे."

"आता?"

ती बराच वेळ बघत राहिली. "बसला."

"सही कुणाची घ्यायची?" गिऱ्हाइकानं विचारलं.

"ज्यानं बघितलं त्याची," भिंगोबा म्हणाले आणि स्वतःचं पेन त्यांनी ठिपकेबाईपुढे धरलं.

ती सही करत होती तेवढ्यात त्यांनी चष्मा काढला, भिंगांचं मऊ फडकं घेतलं. उजवी काच पुसली. मग डावी, तितक्याच निगुतीनं, आणि उजेडाकडे धरून बघितली, कुठे डाग राहिलाय का.